चार सूत

ते १९८७ साल होतं. गणपती जाऊन आठवडा झाला होता आणि भुसावळात पुन्हा ऊन तापायला लागलं होतं. दुपारी अडीचच्या सुमाराला स्टेशनवरचा एक हमाल डोक्यावर भलंमोठं खोकं घेऊन आमच्या फाटकाशी आला आणि म्हणाला, "पुलवाले भारंबे साहेब इथंच राहतात ना?"

पुलवाले. माझ्या नवऱ्याला अर्धं गाव याच नावानं ओळखायचं. रेल्वेत ते ब्रिज इन्स्पेक्टर होते. नोकरीची तेहतीस वर्षं, त्यातली निम्मी लाइनीवर, नदीनाल्यांच्या काठी तंबूत गेली. घरी यायचे ते पाहुण्यासारखे. कपडे धुऊन घ्यायचे, दोन दिवस झोप काढायची आणि पुन्हा रुळांवरच्या ट्रॉलीवर. हेमंतला मी एकटीनंच वाढवलं म्हणा ना. आता त्यांना निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती आणि जामनेर रोडला बांधलेल्या तीन खोल्यांत आम्ही दोघंच राहत होतो.

आमचं भांडण नव्हतं. बोलणंच नव्हतं. "पाणी गेलं." "लाइट आली." "चहा ठेवू का?" अशी दिवसाला सात-आठ वाक्यं व्हायची. ते पुढच्या खोलीत पेपर घेऊन बसायचे, मी आत. मधल्या खोलीतल्या घड्याळाची टिकटिक मला स्वयंपाकघरात ऐकू यायची, इतकं घर शांत. एकदा मी मोजलं होतं, एका रविवारी आम्ही सकाळी नऊपासून दिवेलागणीपर्यंत एकमेकांशी एक शब्द बोललो नव्हतो. दोघांच्याही ते लक्षात आलं नसतं, मी मोजायला बसले नसते तर.

खोकं हेमंतकडून आलं होतं. सहा वर्षांपूर्वी तो शिकायला जर्मनीला गेला आणि तिकडेच राहिला. यांनी त्याची रेल्वेत अप्रेंटिसची जागा नक्की करून ठेवली होती. त्यानं ती घेतली नाही. तो निघाला त्या दिवशी हे स्टेशनवर आले नाहीत, पुलाच्या कामाचं निमित्त काढून लाइनीवर निघून गेले. तेव्हापासून पत्रं माझ्याच नावावर यायची आणि प्रत्येकात शेवटी एक ओळ असायची, 'बाबांना नमस्कार.' ती मी मोठ्यानं वाचून दाखवायची, हे पेपरामागून "हं" म्हणायचे. संपलं.

खोक्यात वर एक चिठ्ठी होती आणि ती पहिल्यांदाच यांच्या नावावर होती. 'ती. बाबांस, हा पूल जोडून ठेवा. इथल्या माणसांनाही सहजासहजी जमत नाही, पण तुम्हाला जमेल. चोवीस डिसेंबरला मी येतो. मग आपण दोघं मिळून त्याच्यावरून गाडी चालवू.' यांनी ती दोनदा वाचली, घडी घातली आणि चष्म्याच्या डबीत ठेवली.

खाली पूल होता. म्हणजे पुलाचा चुरा होता. कंगव्याच्या दात्यांएवढ्या बारीक लोखंडी पट्ट्या, तिळाएवढे स्क्रू, त्यांना तेवढ्याच नटा. सगळं मिळून सहाशेवर तुकडे आणि चित्रांचं एक पुस्तक, ज्यातली अक्षरं आम्हा दोघांनाही वाचता येत नव्हती. पूल उभा राहिला की चार फूट लांब होणार होता. सोबत एक इंजिन आणि तीन डबे.

तीन दिवस ते एकटेच झटले. पण त्यांचा उजवा हात तेव्हा थरथरायला लागला होता आणि डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. स्क्रू हातातून निसटायचे, कॉटखाली घरंगळायचे, मग हे बॅटरी घेऊन जमिनीवर पालथे. मी आतून बघत होते, पण गेले नाही. बोलावल्याशिवाय त्यांच्या कामात जायची मला सवयच नव्हती. चौथ्या दिवशी दुपारी त्यांनी मला हाक मारली.

"तुझी बोटं बारीक आहेत," म्हणाले. "बस इथं."

मी बसले.

त्या दिवसापासून दुपारी दोन ते पाच हे आमचे कामाचे तास झाले. ते पुस्तकातलं चित्र बघून सांगायचे, मी जोडायची. सुरुवातीला ते माझ्याशी गँगमधल्या खलाशाशी, म्हणजे हाताखालच्या मजुराशी बोलावं तसं बोलायचे. "बावीस नंबर. उलटी. अशी नाही, उलटी. धर. सोड." मला त्याचा राग यायला हवा होता. पण पस्तीस वर्षांत एका दुपारी इतके शब्द ते माझ्याशी बोलले नव्हते.

प्रत्येक जोड झाला की तपासणी. लाइनीवर पुलाचा रिव्हेट, म्हणजे पट्ट्या जोडणारा जाड खिळा, तपासायची एक रीत असते. एका बाजूनं हातोडी मारायची आणि दुसऱ्या बाजूला बोट टेकवायचं. रिव्हेट घट्ट असेल तर ठोका स्वच्छ बोटाला लागतो. ढिला असेल तर नुसतीच कापरी थरथर येते. यांनी तीच रीत इथं लावली. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं ते अलगद ठोकायचे आणि मी पलीकडून बोट ठेवायची.

"बोट."

"ठेवलं."

"लागलं?"

"लागलं."

मग ते आपल्या रजिस्टरात टिपून घ्यायचे. नोकरीतलं एक कोरं तपासणी-रजिस्टर त्यांच्याकडे उरलं होतं, छापील रकान्यांचं. तारीख, जोड क्रमांक, शेरा. त्यात काय लिहितात हे मी कधी पाहिलं नाही. त्यांच्या नोकरीचे कागद वाचायचे नाहीत, हे माझ्या हाताला लग्नापासून लागलेलं वळण.

हळूहळू कामाच्या अध्येमध्ये दुसरंही बोलणं यायला लागलं. एकदा असंच स्क्रू पिळता पिळता म्हणाले, की एकसष्ट साली नेपानगरच्या पुढं तंबूत त्यांना टायफॉइड झाला होता, अकरा दिवस. गँगच्या भटारखान्यातल्या एका म्हाताऱ्यानं पेज पाजून जगवलं.

मी हातातला पाना खाली ठेवला. "मला कळवलं नाही ते?"

"हेमंत पोटात होता तुझ्या. कळवून काय करणार होतीस?"

"आणि नंतर?"

त्यांनी पाना उचलून माझ्या हातात दिला. "नंतर राहूनच गेलं," म्हणाले.

अशा राहून गेलेल्या कितीतरी गोष्टी मला त्या टेबलाशी कळल्या. मीही सांगितल्या. हेमंतला कांजिण्या आल्या तेव्हा मी तीन रात्री जागले होते, सासूबाईंनी मरताना यांचंच नाव घेतलं होतं. दुपारचे दोन कधी वाजतात याची मी वाट पाहायला लागले. त्रेपन्नाव्या वर्षी. सांगायला लाजच वाटते.

रविवारी रामदास तायडे मिस्त्री यायचे. यांच्या गँगमध्ये ते रिव्हेट मारायचे, एका कानानं ठार बहिरे झालेले, जिभेनं मात्र तिखट. मला पाना धरलेलं पाहून दारातच थांबले.

"साहेब, बाईंना भरती केलं का काय गँगमधी?"

"टेम्पररी," हे म्हणाले.

"आमाले बारा वर्षं टेम्पररीच ठिवलं होतं यायनं," तायडे मला म्हणाले. "जपून राहा, बाई. पर्मनंट करतच नाहीत हे."

यांना हसताना मी त्या दिवशी किती वर्षांनी पाहिलं कोण जाणे.

दसरा झाला. पुलाचा तळ आणि एक बाजू उभी राहिली, अडतीस जोड झाले. आणि नऊ ऑक्टोबरला, शुक्रवारी सकाळी, हे बँकेत गेले असताना पोस्टमननं हेमंतचं पत्र आणून दिलं.

नाताळात येणं जमत नाही, असं त्यानं लिहिलं होतं. त्याचं लग्न ठरलं होतं, तिकडच्याच मुलीशी, उर्सुला तिचं नाव. तिच्या आईवडिलांकडे पहिला नाताळ घालवायचा होता. पुढच्या वर्षी बघू. आणि शेवटी, 'बाबांना तू सांग. तुझ्याकडून ते ऐकतील.'

मी पत्र हातात घेऊन मधल्या खोलीत उभी राहिले. टेबलावर अर्धा पूल होता. यांना हे सांगितलं की काय होईल, ते मला दिसत होतं. ते "हं" म्हणतील, पूल खोक्यात भरून माळ्यावर टाकतील, पुढच्या खोलीत पेपर घेऊन बसतील. आणि मी आत. परत ते घड्याळ.

मुलगा येणार नाही याचं दुःख मला व्हायला हवं होतं, झालंही. पण त्याच्याआधी मला धास्ती वाटली ती पुलाची, हे आज लपवून काय करू. शिलाई मशीनच्या खालच्या खणात, ब्लाउजच्या तुकड्यांच्या तळाशी मी ते पत्र सरकवलं. पूल पूर्ण झाला की सांगू, म्हटलं. एवढा होऊ दे.

त्या दुपारी मी बोट चुकीच्या जोडावर ठेवलं. "लक्ष कुठंय तुझं?" म्हणून त्यांनी दटावलं.

दुसऱ्या दिवशी गिरणीतून दळण घेऊन परतले, तर ते टेबलाशी एकटेच बसलेले, हातात माझा भरतकामाचा चिमटा.

"मशीनमध्ये सापडला," म्हणाले. "नटा धरायला बरा आहे."

मला आधी ते पत्र आठवलं. पण चिमटा मी वरच्या खणात ठेवायची, पत्र होतं खालच्या. पिठाचा डबा ठेवायच्या निमित्तानं आत जाऊन पाहिलं. पत्र ब्लाउजच्या तुकड्यांखाली होतं तसंच होतं. मग मी येऊन टेबलाशी बसले.

सोमवारी मी टेबलाशी येऊन बसले तर समोर पूल नव्हता. अडतीसच्या अडतीस जोड खोलून त्यांनी पट्ट्या वर्तमानपत्रावर ओळीनं मांडून ठेवल्या होत्या.

"चुकलं होतं सगळं," म्हणाले. "कॅम्बर दिला नव्हता."

म्हणजे काय ते मी विचारलं. त्यांनी एक पट्टी दोन बोटांत धरून मधोमध किंचित वर वाकवली.

"मोठा पूल सपाट बांधत नाहीत. मध्ये थोडा वर उचलून बांधतात. गाडीचं ओझं आलं की तो खाली बसतो आणि बरोबर सरळ होतो. सपाट बांधला तर ओझ्यानं मध्ये खचेल."

"चित्रात तर सपाटच दिसतोय."

"चित्र काढणारा पुलावर राहिला होता का कधी?"

चार सूत उचलायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. आठ सुतांचा इंच, म्हणजे मध्यावर अर्धा इंच उंच. त्यासाठी वरच्या प्रत्येक पट्टीचं प्रत्येक भोक बारीक गोल कानशीनं घासून केसभर लांबवायचं, मग जोडायचं, मग दोरी लावून उंची मापायची. एका दुपारी चार भोकं झाली तरी खूप. आधी एखाद्या दुपारी तीन-चार जोडही व्हायचे, आता एक किंवा दोन.

मला तो त्यांचा हेकटपणा वाटला आणि मनातून मी खूश झाले. जितका उशीर होईल तितकं बरंच होतं.

पुढच्या रविवारी तायड्यांनी मात्र कपाळावर हात मारला. "अहो साहेब, या खेळण्याले कायचा कॅम्बर? याच्यावरून मालगाडी जाऊ राहिली का? इंजिनाचं वजन ते केवढं, वाटीभर."

"तायडे, चहा प्या," हे म्हणाले.

"नाही, पण तुमाले माहीत नाही का हे..."

"चहा प्या."

तायड्यांनी यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि चहा प्यायला. त्यानंतर त्यांनी कॅम्बरचं नाव काढलं नाही.

दिवाळी गेली. थंडी पडली. कानशीचा किसकिस आवाज आणि मधूनच "बोट" एवढंच घरात ऐकू यायचं, आणि ते मला पुरत होतं. रोज मी ठरवायची, आज सांगू. रोज एखादा जोड निघायचा, एखादी गोष्ट निघायची आणि आजचं उद्यावर जायचं. एकदा मात्र मी विचारलं, पट्टी हातात धरून.

"आणि ओझं आलंच नाही तर?"

ते कानस चालवत राहिले. "तर मग पूल तसाच राहतो," म्हणाले. "वर उचललेला."

डिसेंबरच्या विसाव्या तारखेला शेवटचा जोड झाला. एकशे चार. पूल पुढच्या खोलीत फळीवर उभा राहिला, काळा, बारीक, मध्यावर किंचित फुगलेला. आता पळायला जागा नव्हती. तरी चार दिवस माझ्या तोंडून शब्द निघाला नाही.

चोवीस तारखेला मी सकाळी वांगी भाजायला घेतली. भरीत, कळण्याची भाकरी, हेमंतच्या आवडीचं सगळं. येणारा येणार नाही हे माहीत असताना मी त्याच्यासाठी स्वयंपाक करत होते. यांनी दाढी केली, पांढरा सदरा घातला. आता स्टेशनवर जायला निघतील, मग मला सांगावंच लागेल, म्हणून मी दाराकडे कान लावून बसले. बारा वाजले, एक वाजला. ते गेले नाहीत. गाडीची वेळसुद्धा विचारली नाही. दोन वाजता त्यांनी हाक मारली.

"ये. आपण चालवून बघू."

"हेमंतसाठी थांबायचं ना?" मी म्हटलं. कसं म्हटलं ते माझं मला माहीत.

"लाइन खुली करायच्या आधी चाचणी घ्यावी लागते," ते म्हणाले.

त्यांनी बटण दाबलं. इंजिन घरघरलं आणि निघालं. पुलाच्या तोंडाशी किंचित अडखळलं, मग चढलं. एक डबा, दुसरा, तिसरा. मध्यावर इंजिन पोचलं आणि उताराला लागलं तेव्हा काहीतरी टक्‌ वाजलं. शेवटचा डबा सुटला होता. इंजिन दोन डबे घेऊन पलीकडे निघून गेलं आणि तो एकटा डबा जरा घोटाळला, मग मागे मागे घरंगळत आमच्याकडे आला. यांनी तळहात पुढं करून त्याला धरलं.

"वजन नाही ना," म्हणाले. "पूल बसला नाही खाली."

मी रडायला लागले. "पत्र आलं होतं," मी म्हटलं. "ऑक्टोबरातच. तो येणार नाहीये. लग्न करतोय तिकडे. मी तुम्हाला सांगितलं नाही."

त्यांनी डबा रुळावर ठेवला, नीट, चाकं जुळवून. मग स्क्रू ड्रायव्हर उचलला आणि पुलावर वाकले.

"सतरा नंबर वाजतोय," म्हणाले. "बोट."

मला वाटलं त्यांना ऐकू गेलं नाही. किंवा ऐकायचं नाही.

"बोट," ते पुन्हा म्हणाले.

मी डोळे पदरानं पुसले आणि पलीकडून बोट ठेवलं. त्यांनी ठोकलं.

"लागलं?"

"लागलं."

मग आम्ही जेवलो. भरीत चांगलं झालंय म्हणाले. पत्राबद्दल त्या दिवशी नाही आणि नंतरही कधी त्यांनी विचारलं नाही. त्यांनी मला मनातल्या मनात माफ केलं असावं, असं मी धरून चालले. पण दुपारचं टेबल मोडलं नाही. पूल आम्ही दर हिवाळ्यात खोलायचो, तेल द्यायचो, पुन्हा जोडायचो. असे पाच हिवाळे.

त्र्याण्णवच्या मार्चमध्ये खुर्चीत बसल्या बसल्या ते गेले. दिवसकार्य झालं, नातेवाईक आपापल्या गावी परतले, आणि एका दुपारी दोन वाजता काय करावं हे मला सुचेना, तेव्हा मी ते रजिस्टर काढलं. आता वाचायला हरकत नव्हती. पानापानावर जोड क्रमांक, 'ठीक', 'ढिला, पिळला', 'ठीक'. मग एका पानावर त्यांच्या त्या सरळ, सरकारी अक्षरात हे लिहिलेलं होतं:

'१० ऑक्टोबर. जोड १ ते ३८ ठीक. हेमंत येत नाही, पत्र पाहिले. मदतनिसाने सांगितलेले नाही. विचारू नये. सर्व जोड खोलून कॅम्बर चार सूत द्यावा. काम डिसेंबरपर्यंत पुरेल.'

ते वाचून मी किती वेळ बसले होते कुणास ठाऊक. बाहेर अंधारलं तेव्हा उठले.

तायडे मिस्त्री पुढं मुलीकडे अकोल्याला गेले आणि तिथंच वारले. जायच्या आधी भेटायला आले तेव्हा मी त्यांना विचारलं, तुम्हाला ठाऊक होतं का? ते म्हणाले, "पत्राचं नाही, बाई. पण साहेबाले कामाची घाई नाही, एवढं समजलं होतं."

हेमंत वडील गेल्यावर तीन आठवड्यांनी आला, उर्सुलाला घेऊन. पोरगी गुणी निघाली. मी भाकरी थापायला लागले की ती शेजारी उभी राहून बघायची. हेमंत पुलासमोर बराच वेळ उभा होता.

"आई, हा मध्ये वर आलाय बघ," म्हणाला. "चित्रात सरळ आहे. बाबांकडून चुकलं वाटतं."

"पलीकडून बोट ठेव," मी म्हटलं.

त्यानं ठेवलं. मी स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं ठोकलं. "लागलं?"

"काय?" त्यानं विचारलं.

मी त्याला रजिस्टर दाखवलं नाही. तो आता तिकडेच स्थिरावलाय, दर रविवारी फोनवर दिसतो, केस सगळे पांढरे झालेत. तिकडे ये म्हणतो. मी त्याला पुढच्या वर्षी बघू म्हणते.

मी एक्क्याऐंशीची झाले. घर तेच आहे. पूल पुढच्या खोलीत त्याच फळीवर आहे, मध्यावर चार सूत उचललेला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी तो पुसते. मग खुर्ची ओढून बसते, उजव्या हातानं एकेक जोड ठोकते आणि डाव्या हाताचं बोट पलीकडून घालते. एकशे चार जोड आहेत. सगळे अजून लागतात.